चार मॅच हरल्या, आता सर बदला!

नव्याचे नऊ दिवस असं आपण म्हणतो. खेळात हल्ली तेवढेही मिळत नाहीत. टीम दोन मॅच हरली की कुजबुज, तीन हरली की चर्चा, आणि चौथी हरली की "कोच बदला" सुरू.

विषय निघायचं कारण आपल्या शहरातलंच आहे. इथल्या एका क्लबच्या सतरा वर्षांखालच्या मुलांच्या बास्केटबॉल टीमला जूनमध्ये नवे सर मिळाले. हंगामातल्या पहिल्या पाचपैकी चार मॅच टीम हरली. आता पालकांच्या ग्रुपवर अर्ज फिरतोय, सह्या गोळा होतायत, आणि येत्या रविवारी कमिटीची बैठक आहे. सरांना ठेवायचं की नाही ते तिथे ठरणार. क्लबचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल. माझा पुतण्या त्या टीममध्ये आहे आणि बराच वेळ बेंचवर असतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी "यांचा स्वार्थ आहे" म्हणायला नको.

गेले पंधरा दिवस दोन्ही बाजूंचं ऐकतोय. एक बाजू म्हणते, निकाल दिसतोय ना समोर, अजून काय बघायचं? दुसरी म्हणते, जरा थांबा, मुलं आहेत, वेळ द्या. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. का, ते सांगतो. त्यासाठी जरा लांब, अमेरिकेत जाऊन येऊ. कारण हाच वाद तिथे करोडो डॉलर लावून झालेला आहे आणि त्याचा पूर्ण हिशोब आपल्यासमोर आहे.

२०१४ सालची गोष्ट. एनबीएमधली क्लीव्हलँड कॅव्हेलिअर्स ही टीम. लेब्रॉन जेम्स चार वर्षं मायामीला खेळून घरच्या टीमकडे परत आला. कायरी अर्व्हिंग होताच, केव्हिन लव्हलाही आणलं. कोचही नवा, डेव्हिड ब्लॅट. या माणसाने त्याच वर्षी तेल अवीवच्या मकाबी संघाला युरोलीग जिंकून दिली होती, पण एनबीएमध्ये त्याची ही पहिलीच नोकरी. लोकांनी हंगाम सुरू व्हायच्या आधीच चॅम्पियनशिपची मिरवणूक काढली होती म्हणा ना.

आणि झालं काय? पहिलीच मॅच घरच्या मैदानावर न्यूयॉर्ककडून हरले. पहिल्या चारपैकी तीन हरले. मध्ये जरा सावरले, पुन्हा घसरले. १३ जानेवारी २०१५ ला हिशोब होता १९ विजय, २० पराभव. एवढे मोठे खेळाडू घेऊन अर्ध्याच्या खाली! तिकडच्या चाहत्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको. युरोपातलं इथे चालत नाही, खेळाडू याचं ऐकत नाहीत, याला काढा. भाषा इंग्रजी, बाकी आपल्या पालकांच्या ग्रुपवरचे मेसेजच.

आता त्याच महिन्यात काय काय घडलं होतं ते बघा. डिसेंबरच्या शेवटी त्यांचा उंच सेंटर अँडरसन व्हरेजाओ याच्या टाचेची शीर तुटली, हंगाम संपला. लेब्रॉन स्वतः गुडघा आणि पाठ दुखावल्याने आठ मॅच बाहेर बसला. म्हणजे बास्केटखाली अडवायला माणूस नाही आणि पुढे धावायला मुख्य खेळाडू नाही. मॅनेजमेंटने कोचला हात लावला नाही. त्यांनी न्यूयॉर्ककडून जे. आर. स्मिथ आणि इमान शंपर्ट आणले, डेन्व्हरकडून तिमोफे मोझगोव नावाचा सात फुटी सेंटर आणला. लेब्रॉन बरा होऊन परत आला. उरलेल्या ४३ मॅचपैकी ३४ जिंकल्या. तोच कोच, तेच शहर. टीम थेट फायनलला गेली.

यातून पहिली गोष्ट कळते. पराभव आकड्यात दिसतो, पण त्याचं कारण आकड्यात दिसत नाही. ते शोधावं लागतं. भोक बादलीला आहे की नळालाच पाणी नाही, हे बघितल्याशिवाय प्लंबर बदलून उपयोग काय?

घाई केली की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. २०१२ ची लॉस एंजेलिस लेकर्स. कोबी ब्रायंटच्या जोडीला स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड आणले. दुसऱ्याच मॅचमध्ये नॅशचा पाय मोडला. पहिल्या पाचपैकी चार हरले आणि पाचव्या मॅचनंतर कोच माइक ब्राउनला घरी पाठवलं. ८२ मॅचच्या हंगामात पाच मॅच! पुढे नवीन कोच आला, टीम धडपडत ४५ जिंकली आणि पहिल्याच फेरीत सॅन अँटोनिओकडून चार-शून्य मार खाऊन बाहेर पडली. कोच बदलला, पण नॅशचा पाय त्याने बरा झाला नाही.

अमेरिका लांब वाटत असेल तर आपल्या वानखेडेवर या. २०१५ ची आयपीएल आठवते? रिकी पाँटिंग मुंबई इंडियन्सचा नवा कोच म्हणून आला. पहिल्या चारही मॅच हरलो. सहा मॅच झाल्या तेव्हा खात्यात विजय एक. तेव्हा कट्ट्यावर कोण काय बोलत होतं ते सगळ्यांना आठवत असेल. २४ मे ला ईडन गार्डन्सवर चेन्नईला ४१ धावांनी हरवून कप कुणी उचलला? तेव्हा मात्र "मला माहीतच होतं" म्हणणारे गल्लोगल्ली भेटले.

इथपर्यंत वाचून "वेळ द्या" पार्टी खूश झाली असेल. थांबा. गोष्ट अजून संपली नाही.

क्लीव्हलँडने त्याच ब्लॅटला पुढच्या वर्षी काढलं. जानेवारी २०१६, टीमचे ३० विजय आणि ११ पराभव, पूर्व विभागात पहिला नंबर. हरत असताना ठेवला आणि जिंकत असताना काढला! बाहेरून बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. पण आत काहीतरी बिनसलेलं होतं आणि त्याच्या खुणा आधीपासून होत्या. २०१५ च्या प्लेऑफमध्ये शिकागोविरुद्ध शेवटच्या क्षणी ब्लॅट टाइम-आऊट मागायला निघाला, तेव्हा टीमकडे टाइम-आऊट शिल्लकच नव्हता. रेफ्रींनी पाहिलं असतं तर दंड बसला असता. सहायक कोच टायरॉन लूने त्याला मागे ओढलं. त्यानंतर शेवटचा डाव कोचने आखला तो लेब्रॉनने बदलला आणि स्वतः बास्केट करून मॅच जिंकली. कोच एक सांगतो आणि खेळाडू दुसरंच करतो, आणि खेळाडूचंच बरोबर निघतं, हे स्कोअरबोर्डवर दिसत नाही. पण टीममध्ये प्रत्येकाला दिसतं. तो लू पुढे कोच झाला आणि जून २०१६ मध्ये ३-१ ने मागे पडलेली फायनल क्लीव्हलँडने जिंकली. १९६४ नंतर त्या शहराला मिळालेलं हे पहिलं मोठं विजेतेपद.

म्हणजे बघा, वेळ देणं हाही काही मंत्र नाही. धीर धरा म्हणजे डोळे मिटून बसा असं नव्हे. मॅच हरतोय म्हणून माणूस वाईट ठरत नाही, आणि जिंकतोय म्हणून चांगलाही ठरत नाही. मग बघायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी.

एक, हातात माणसं कोण होती? कोण जखमी, कोण सोडून गेलं, समोर कुणाच्या टीम आल्या?

दोन, पहिल्या मॅचपेक्षा पाचव्या मॅचमध्ये काही सुधारतंय का? स्कोअर सोडा. मुलं बचावाला परत धावतायत का, फुकटचे पास कमी जातायत का, शेवटच्या क्वार्टरमध्ये दम टिकतोय का?

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, खेळाडू त्याचं ऐकतात का?

आता हीच फूटपट्टी आपल्या क्लबच्या टीमला लावू.

मागच्या वर्षीच्या टीममधले चार मोठे मुलगे वयात बसत नाहीत म्हणून गेले. त्यात सगळ्यात उंच दोघेही गेले. जुलैभर पाऊस. आपलं कोर्ट उघडं आणि सिमेंटचं, ओलं झालं की पाय घसरतो. निम्म्या दिवशी मुलांनी शाळेच्या व्हरांड्यात नुसतं ड्रिबल आणि उठाबशा केल्या. पहिल्या दोन मॅच ज्यांच्याशी झाल्या, ती दोन्ही मुलं इनडोअर कोर्टवर वर्षभर खेळणारी. हे अर्जात कुठेच लिहिलेलं नाही.

पाचही मॅच मी बघितल्या. पहिली ३१ गुणांनी हरलो. चौथी ६ ने. पाचवी जिंकलो. पहिल्या मॅचला तिसऱ्या क्वार्टरमध्ये मुलं कमरेवर हात ठेवून उभी होती, पाचव्या मॅचला शेवटच्या मिनिटाला पूर्ण कोर्टभर दाबून खेळत होती. याला सुधारणा म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि मुलं ऐकतात का? हे पालकांना नका विचारू, मुलांना विचारा. सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला पावणेसहाला किती जण हजर असतात ते एकदा जाऊन बघा.

मग विरोध कशाला? त्याचं खरं कारण वेगळं आहे आणि त्यावर कुणी उघड बोलत नाही. आधी पाच मुलं चाळीस मिनिटं खेळायची आणि सात जण बाटल्या सांभाळायचे. हे सर दहा जणांना खेळवतात. साहजिकच त्या पाच घरांत नाराजी आहे. त्यांना मी स्वार्थी म्हणणार नाही. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात, त्यासाठी ठरावीक पातळीपर्यंत खेळावं लागतं. मुलाचं हे एकच वर्ष आहे, टीम लवकर बाहेर पडली तर त्याची संधी गेली. आईबापाला ही काळजी वाटणारच. पण मग अर्जात तेच लिहा ना! "आमच्या मुलाला जास्त खेळवा" असं लिहिलं तर त्यावर सरळ चर्चा होईल. तो मुद्दा चूक आहे की बरोबर, ते ठरवता येईल. "सरांना कोचिंग येत नाही" असं लिहून एका माणसाच्या पोटावर पाय द्यायचा, हे बरोबर नाही. सरांना काही पगारी नोकरी नाही. महिन्याचं मानधन, तेही फीमधून. उद्या इथून "निकाल नाही म्हणून काढला" असा शिक्का बसला तर जिल्ह्यात दुसरीकडे कोण घेणार त्यांना?

सरांचीही एक बाजू चुकते, तीही लिहितो. ते पालकांशी बोलतच नाहीत. दहा जणांना का खेळवतो, हे जूनमध्येच एक मीटिंग घेऊन सांगितलं असतं तर अर्धा धुरळा उडालाच नसता. "मैदानात बघा, कळेल" हे उत्तर मुलाला चालतं, ज्याने फी भरली त्याला चालत नाही.

म्हणून कमिटीतल्या मंडळींना माझं जाहीर सांगणं आहे. रविवारी सह्या मोजू नका. बारा मुलांना एकेकटं बोलवा, आईबाप बाहेर बसवून, आणि दोनच प्रश्न विचारा: जूनपासून नवीन काय शिकलास, आणि सर सांगतात ते पटतं का? पाचही मॅचचे स्कोअरशीट समोर ठेवा. सरांना हंगाम संपेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत मुदत द्या आणि काय अपेक्षा आहे ते लेखी द्या. महिन्यातून एकदा पालकांसमोर बसायची अटही घाला. डिसेंबरमध्ये मुलं म्हणाली की जमत नाही, तर खुशाल बदला. तेव्हा मीही सही करीन.

ज्यांनी अर्जावर सही केली आहे त्यांनी रविवारच्या आधी एक सकाळ काढून प्रॅक्टिस बघून या, एवढंच. सहा वाजता असते. छत्री घेऊन जा.