जातं, आजी आणि माझा कॉम्प्रेसर

दिवाळीनंतरचे तीन वीकेंड आमच्या घरात सोल्डरिंगचा वास होता, डायनिंग टेबलवर ताट ठेवायला जागा नव्हती आणि घरच्यांनी त्या विषयावर माझ्याशी बोलणं बंद केलं होतं. कारण एक डबा. मी स्वतः बनवलेला ऑडिओ कॉम्प्रेसर. तो बिघडला होता असं मला वाटत होतं. खरं काय होतं ते पुढे येईलच, पण त्या तीन वीकेंडनंतर माझं एक मत पक्कं झालंय आणि आज तेच सांगायचंय: दुरुस्ती आणि सुधारणा या दोन गोष्टी एकाच बैठकीत करू नयेत. हार्डवेअरमध्ये नाही, सॉफ्टवेअरमध्ये तर अजिबातच नाही.

आधी कॉम्प्रेसर म्हणजे काय ते थोडक्यात. फ्रिजमधला नव्हे, आवाजाचा. टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसलेली आई आठवा. नायिका कुजबुजली की आवाज वाढवायचा, जाहिरात किंचाळली की कमी करायचा. कॉम्प्रेसर हेच काम करतो. आई किती पटकन बटण दाबते तो ‘अटॅक’, जाहिरात संपल्यावर किती वेळात आवाज पूर्ववत करते तो ‘रिलीज’, आणि किती जोरात दाबते तो ‘रेशो’. झालं!

माझा डबा ‘११७६’ नावाच्या प्रसिद्ध कॉम्प्रेसरच्या धाटणीचा आहे. बिल पुटनम या अमेरिकन इंजिनिअरने तो १९६७ मध्ये आणला. त्यात रिमोटचं काम एक एफईटी, म्हणजे फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर करतो. त्याच्या गेटवर किती व्होल्टेज आहे त्यावर त्याचा रेझिस्टन्स बदलतो, म्हणजे विजेने फिरणारा व्हॉल्यूमचा नॉबच म्हणा ना. आवाजाचा एक रस्ता या नॉबमधून जातो. दुसरा रस्ता, त्याला साइडचेन म्हणतात, आउटपुटचा आवाज किती मोठा आहे ते मोजतो, त्यावर एक कपॅसिटर चार्ज करतो आणि ते व्होल्टेज गेटला देतो. मूळ यंत्राचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात कुठल्याही आईला रिमोट सापडणार नाही.

सर्किट उपलब्ध होतं, पार्ट्स पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आणले, डबा बनवला. घरी गिटारवर छान चालला. आणि मग मला दुर्बुद्धी सुचली. मी तो दिवाळीला गावी घेऊन गेलो.

आमची आजी ८४ वर्षांची. सातारा जिल्ह्यातलं गाव, घरात जुनं दगडी जातं अजून आहे. दळण आता गिरणीतच जातं, पण आजी जात्याला बसली की ओव्या आपोआप येतात. नुसत्या म्हण म्हटलं तर येत नाहीत, खुंटा हातात लागतो. हे सगळं रेकॉर्ड करायचं मी कितीतरी वर्षं म्हणत होतो. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे वाचल्यापासून तर स्वतःच्या घरातल्या आपण जमवल्या नाहीत याची लाजच वाटत होती. माइक लावला, डबा जोडला, लॅपटॉप सुरू केला. आजी तासभर गायली. त्यात तिच्या धाकट्या भावावरच्या काही ओव्या होत्या. तो गेला त्याला तीसेक वर्षं झाली, आणि त्या ओव्या आमच्या घरात कुणीच आधी ऐकल्या नव्हत्या. आई दारात उभी राहून ऐकत होती.

रात्री आजीच्या कानाला हेडफोन लावला. तिने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “जातं फिरलं की माझा आवाज दबतोय बघ. जात्याला भितोय व्हय रं तुझा डबा?”

सगळे हसलो. मीही हसलो. हे वाक्य लक्षात ठेवा.

पुण्यात परत येऊन नीट ऐकलं तर दोन गोष्टी दिसल्या. एक, मागे सतत एक घूं आवाज होता. दोन, आजीचा आवाज खरंच दर काही क्षणांनी पाण्यात बुडी मारल्यासारखा खाली जात होता. आणि इथे मी ती चूक केली जी ऑफिसात ज्युनिअरने केली असती तर मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं असतं. काय बिघडलंय ते न शोधता मी डबा ‘सुधारायला’ बसलो.

जाणकारांच्या जगात अशा सुधारणांची कमी नाही. हा ऑपअँप काढा, तो घाला, आवाज ‘उघडतो’. हे कपॅसिटर बदला, आवाजात ‘ऊब’ येते. एका शनिवारी मी तीनही टीएल०७२ काढून त्या जागी एनई५५३२ बसवले, सिग्नलच्या रस्त्यातले सगळे कपॅसिटर बदलले आणि वर एफईटीसुद्धा नवा घातला. रात्री सुरू केला. घूं तसाच. बुडी मारणं आधीपेक्षा जास्त. आणि आउटपुटचा नॉब फिरवला की खरखर, ही नवीनच भेट.

आता खरखर कुठून आली? ऑपअँपमुळे, कपॅसिटरमुळे, एफईटीमुळे की माझ्या सोल्डरिंगमुळे? सांगता येईना. कारण तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि आधीची स्थिती कुठे लिहून ठेवली नव्हती. सोमवारी ऑफिसात कुणी एकाच कमिटमध्ये बगफिक्स, रिफॅक्टरिंग आणि लायब्ररी अपग्रेड घालून पाठवलं असतं, तर मी ते न वाचताच परत पाठवलं असतं. घरी मात्र तोच मी, हातात सोल्डरिंग गन घेऊन! हौसेच्या कामाला आपण प्रोसेस लावत नाही. लावली तर मजा जाते असं वाटतं. मजा अशीही गेलीच होती.

दुसऱ्या वीकेंडला शहाणपण आलं. एक दोनशेपानी वही घेतली. नियम एकच: एका वेळी एक बदल, आधीचं मोजमाप, नंतरचं मोजमाप.

पहिल्यांदा जुने टीएल०७२ परत बसवले. खरखर गेली. मग कागदावर हिशोब केला तेव्हा कारण कळलं. टीएल०७२ चं इनपुट जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. एनई५५३२ साधारण २०० नॅनोअँपिअर ओढतो. माझ्या सर्किटमध्ये तिथे १ मेगओहमचा रेझिस्टर आहे. गुणाकार करा: ०.२ व्होल्ट डीसी. पुढे नॉबपर्यंत वाटेत कपॅसिटर नाही, त्यामुळे ते डीसी थेट नॉबवर, आणि डीसी असलेला नॉब फिरवला की खरखरणारच. एनई५५३२ हा उत्तमच ऑपअँप आहे, माझ्या सर्किटमधली ती जागा त्याची नव्हती. ‘जास्त चांगला’ पार्ट असं काही नसतं, ‘इथे योग्य’ पार्ट असतो.

मग घूं. आधी हे बघायचं की तो ५० हर्ट्झचा आहे की १०० चा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरनंतर फिल्टर नीट होत नसेल तर १०० ऐकू येतो. ५० असेल तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा ग्राउंडची भानगड. लॅपटॉपवर स्पेक्ट्रम बघितला: ५० चा सुळका ताडासारखा उभा. म्हणजे मोठे फिल्टर कपॅसिटर आणून काही उपयोग झाला नसता (आणलेले होते, हे वेगळं सांगायला नको). प्लग काढला, कपॅसिटर डिस्चार्ज व्हायची वाट पाहिली, ट्रान्सफॉर्मर डब्यातून काढून लांब वायरवर वेगळ्या डबीत ठेवला. घूं जवळजवळ नाहीसा. खर्च: एक डबी आणि मीटरभर वायर. हे करताना घाई मात्र करू नका, २३० व्होल्टला अन्डू नसतो.

मग एफईटी. २एन५४५७ च्या डेटाशीटमध्ये लिहिलंय की तो पूर्ण बंद होण्यासाठी गेटला उणे ०.५ ते उणे ६ व्होल्ट यातलं काहीही लागू शकतं. बारा पट फरक! एकाच नंबरचे, एकाच पाकिटातले दोन पार्ट आणि स्वभाव सख्ख्या भावांइतके वेगळे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पचत नाही. आमच्याकडे एका व्हर्जनच्या दोन कॉपी म्हणजे तंतोतंत एकच. इथे एफईटी बदलला की बायस पुन्हा लावावाच लागतो: १ किलोहर्ट्झचा सूर सोडायचा, एफईटी पूर्ण बंद ठेवायचा, मग आउटपुट १ डेसिबलने उतरेपर्यंत ट्रिमर फिरवायचा. मी नवा घातला तेव्हा हे केलंच नव्हतं. बुडी जास्त का झाली त्याचं उत्तर हे.

आता डबा अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा चालत होता. मी गावचं जुनं काम पुन्हा करून बघितलं: घरच्या मिक्सरखाली माइक ठेवला, वर जुन्या ओव्यांचं एक रेकॉर्डिंग लावलं. बुडी आहेच!

तेव्हा आजीचं वाक्य आठवलं. जात्याला भितोय तुझा डबा.

डब्यात बिघाड नव्हताच. दगडी जात्याची घरघर म्हणजे खालच्या पट्टीतली प्रचंड ऊर्जा, आणि माझा माइक स्टँड त्याच शेणाने सारवलेल्या जमिनीवर. डबा इमानेइतबारे सर्वात मोठा आवाज मोजत होता आणि तो कमी करायला सगळंच दाबत होता, आजीसकट. त्याला जे सांगितलं होतं तेच तो करत होता. युजरने पहिल्या रात्री, एका वाक्यात, अचूक बग रिपोर्ट दिला होता. मी हसून तीन वीकेंड घालवले.

यावरची सुधारणा मात्र खरोखर करण्यासारखी होती. साइडचेनच्या रस्त्यात १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर आणि ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर. झाला हाय-पास फिल्टर, साधारण १५९ हर्ट्झचा. ८० हर्ट्झची घरघर डब्याला आता सुमारे ७ डेसिबल कमी ‘ऐकू’ येते. गंमत अशी की जात्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण येतो, कारण फिल्टर फक्त मोजणाऱ्या रस्त्यात आहे. डबा जातं कापत नाही, त्याकडे काणाडोळा करतो. खर्च एका कटिंग चहापेक्षा कमी. आणि नेमकं काय बदलायचंय हे माहीत असल्यामुळे पहिल्याच झटक्यात जमला.

काही मित्र म्हणतील, एवढं कशाला, फुकट प्लगइन मिळतात. बरोबर आहे. उलट मी त्यांच्यापेक्षा एक पाऊल पुढे जाऊन कबूल करतो: त्या दिवशी तिथे कॉम्प्रेसर लावायचीच गरज नव्हती. टेपच्या काळात टेपचा खर्र आवाज झाकायला रेकॉर्ड करतानाच दाबणं शहाणपणाचं होतं. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये एवढी जागा असते की आधी स्वच्छ घ्यावं आणि दाबादाबी नंतर घरी करावी. मी हौसेपोटी दाबलेलाच आवाज फाइलमध्ये कोरला, आणि तो आता कुठल्याही फिल्टरने धड वर येत नाही. डबा दुरुस्त झाला, रेकॉर्डिंग नाही.

म्हणून काही हातात घेण्याआधी मी आता स्वतःला विचारतो: हा बिघाड आहे, गैरसमज आहे की हौस? बिघाड असेल तर मोजा. गैरसमज असेल, म्हणजे यंत्र ठीक आणि काम चुकीचं दिलेलं, तर ज्याला त्रास होतोय त्याचं ऐका. हौस असेल तर जरूर करा, पण बाकीचं दोन्ही मिटल्यावर, आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याच्यावर तर नकोच.

संक्रांतीला पुन्हा गेलो. माइक स्टँडखाली घोंगडीची घडी घातली, डबा पुण्यातच ठेवला. आजी जात्याला बसली, गायली, झकास रेकॉर्डिंग झालं. नंतर मी हळूच विचारलं, भावाच्या ओव्या का नाही म्हटल्यास? ती म्हणाली, “दिवाळीला भाऊबीज हुती रं. आता कशा येतील?”

पुढच्या भाऊबीजेला जाणार आहे. डबा नेणार नाही.