प्रगतिपत्रकातली भाषा पालकांना कोण समजावणार?

मुलगी तिसरीत. प्रगतिपत्रकावर ‘क-2’ श्रेणी, खाली शेरा: ‘अध्ययन निष्पत्ती अंशतः साध्य’. कोल्हापुरातल्या एका वस्तीतील विहारात आईने ते पुढे केले. सही करून झाली होती. "दादा, म्हंजे पास झाली न्हवं?"

पास तर आहेच, चौथीपर्यंत कुणालाच नापास करत नाहीत. पण क-2 म्हणजे शंभरात 41 ते 50 गुण. निष्पत्ती म्हणजे त्या इयत्तेत मुलाला प्रत्यक्ष काय यायला हवे ते. पुस्तक हातात दिले, तर मुलगी प्रत्येक जोडाक्षरापाशी अडत होती. शाळेने हे कळवले होते, फक्त आईला कळेल असे नव्हे.

शिक्षकांना झोडपून उपयोग नाही; हे शब्द शासन निर्णयांतून आणि प्रशिक्षणांतून त्यांच्यावरही आदळतात. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, 2021 पासून ‘निपुण भारत’. यातली एक जोडी तरी पालकांना समजावलीच पाहिजे. ‘आकारिक’ म्हणजे वर्षभरातले तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, गृहपाठ पाहून दिलेले गुण. ‘संकलित’ म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा 70 टक्के, पाचवी-सहावीला निम्मा. त्यामुळे एकूण श्रेणी बरी दिसूनही वाचन कच्चे राहू शकते. दोन्ही रकाने वेगवेगळे बघायचे, ते यासाठी.

2023 मध्ये राज्याने नियम बदलले. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पुनर्परीक्षेतही नापास झाले तर मूल त्याच वर्गात राहते. तिसरीतला न कळलेला शेरा पाचवीत असा समोर येतो. आणि शिकवणी लावायला पैसे नसलेल्या घरात तो जास्त जोरात आदळतो.

याच करवीरात 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत घाला, नाहीतर दंड भरा, एवढे निरक्षर बापालाही समजत होते. आज शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, वंचित घटकांना प्रमाणात जागा आहेत. आपले लोक तिथे बसतात, पण ‘शाळा विकास आराखडा’ वाचून न दाखवताच सह्या होतात.

शिकलेल्या तरुणांनी पालकसभेच्या आदल्या दिवशी वस्तीत तासभर बसावे. पत्रक सोबत वाचावे. प्रश्न एकच पाठ करून द्यावा: "बाई, हिला आज काय येत नाही, ते करून दाखवाल का?"

त्या आईने तो विचारला. बाईंनी पत्रक बाजूला ठेवले आणि मुलीपुढे पाठ्यपुस्तक उघडले.