भाड्याची मोटार आणि बेजबाबदार मालकी

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरावे, भाड्याच्या मोटारीची किल्ली हाती घ्यावी आणि समुद्रकाठच्या रस्त्याने लॉस एंजेलिस, पुढे वाळवंट ओलांडून ग्रँड कॅन्यन गाठावे, हे सुटीचे स्वप्न आता पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गालाही परके राहिलेले नाही. जाहिरातदारांनी या प्रवासाला ‘स्वातंत्र्य’ असे नाव दिले आहे. त्या स्वातंत्र्याचा करारनामा मात्र बारीक टायपात छापलेला असतो आणि विमानप्रवासाने शिणलेला माणूस तो न वाचताच सही करून मोकळा होतो.

त्यातील कलमे सावकारालाही लाजवतील अशी असतात. मोटारीला ओरखडा आला तर भरपाई प्रवाशाने द्यायची. दुरुस्तीसाठी ती उभी राहिली तर त्या दिवसांचे बुडालेले भाडेही बहुधा त्यानेच भरायचे. यातून सुटका हवी असेल तर दररोज वेगळे पैसे मोजायचे. कंपनी स्वतःच्या पत्र्याची काळजी अशी डोळ्यांत तेल घालून घेते. चोरीचा नुसता संशय आला तरी तिची मालकीची भावना खडबडून जागी होते. भाडे भरलेल्या ग्राहकांवर चोरीच्या खोट्या तक्रारी गुदरल्या गेल्या, काहींना कोठडीत दिवस काढावे लागले, अशा ३६४ दाव्यांची तडजोड करण्यासाठी हर्ट्झ कंपनीला २०२२ च्या डिसेंबरात सुमारे १६ कोटी ८० लाख डॉलर मान्य करावे लागले. याच कंपनीने २०२० च्या एप्रिलात सुमारे दहा हजार कामगारांना घरी बसवले होते आणि मे महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज करण्याच्या तोंडावर वरिष्ठ अधिकाऱ्यांना सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर बोनस वाटला होता.

परंतु त्याच मोटारीखाली एखादा पादचारी सापडला, की हा जागरूक मालक एकाएकी नाहीसा होतो. न्यूयॉर्क राज्यात १९२४ पासून असा कायदा होता, की मालकाच्या संमतीने मोटार चालवणाऱ्याने हयगय केली तर भरपाईची जबाबदारी मालकावरही येई. २००५ च्या ऑगस्टात संघराज्याच्या महामार्ग कायद्यात मिसुरीचे रिपब्लिकन प्रतिनिधी सॅम ग्रेव्हज यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती घुसवण्यात आली आणि भाड्याने मोटारी देणाऱ्यांपुरते राज्याराज्यांतील असे कायदे निष्प्रभ ठरले. कंपनीची स्वतःची हयगय सिद्ध झाली तरच तिला जाब विचारता येतो. सुटीवर आलेला परदेशी चालक तर मायदेशी निघून जातो. मागे राहिलेल्या जखमी माणसाने विम्याकडे पाहावे, तर कॅलिफोर्नियात सक्तीच्या विम्याची किमान मर्यादा २०२४ अखेरपर्यंत एका जखमीमागे अवघी १५ हजार डॉलर होती. २०२५ पासून ती ३० हजार झाली. अमेरिकेतील इस्पितळांची बिले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या रकमेचे मोल सांगायला नको.

ज्याने स्टिअरिंगला हात लावला नाही त्याला दंड का, शिवाय त्याचा भार अखेर साऱ्या ग्राहकांवर पडेल, असा युक्तिवाद कंपन्यांचे कैवारी करतात. वरवर तो न्याय्य भासतो. पण भाडे वसूल करताना स्टिअरिंगवर कोणाचा हात होता? अनोळखी माणसाच्या हाती मोटार देणे हाच ज्याचा धंदा, त्याने त्यातील धोक्याचा वाटा उचलणे हा दंड नव्हे, तो धंद्याचा खर्च होय. भारताच्या मोटार वाहन कायद्याचे कलम १६४ याहून माणुसकीचे आहे. कोणाचीही चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये देण्याचे दायित्व ते मालकावर किंवा त्याच्या विमा कंपनीवर टाकते. रक्कम तुटपुंजी आहे खरी, पण मालक तेथे अदृश्य होत नाही.

कंपनीची हयगय सिद्ध करणे म्हणजे काय, हे कॅलिफोर्नियातील राशेल आणि जॅकलीन हॉक या बहिणींच्या आईला विचारावे. २००४ च्या ऑक्टोबरात भाड्याच्या मोटारीला आग लागून त्या दोघी मरण पावल्या. आगीचा धोका आहे, मोटार दुरुस्त करावी, ही निर्मात्याची सूचना कंपनीकडे महिनाभर आधीच आली होती. तरीही ती मोटार भाड्याने दिली जात राहिली. कंपनीने चूक कबूल केली ती २०१० मध्ये. अशा सदोष मोटारी दुरुस्तीपूर्वी भाड्याने देऊ नयेत, एवढे साधे वाक्य त्या बहिणींच्या नावाने संघराज्याच्या कायद्यात यायला २०१५ चा डिसेंबर उजाडावा लागला. मालकाला मोकळे करणारी दुरुस्ती मात्र त्यांच्या मृत्यूनंतर दहा महिन्यांतच संमत झाली होती.