ज्याचे बिल नाही, ते घरात कशाला?

व्यापारी बंधूंनो, सुताची एक बॅग विकत घ्यायची झाली तरी आपण आधी बिल मागतो. जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यापासून तर बिनबिलाचा माल घेणे म्हणजे आपल्याच हाताने आपले नुकसान करून घेणे होय. कारण बिल नसेल तर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. अशी सवय अंगात मुरलेल्या आपल्या घरांमध्ये एक वस्तू मात्र वर्षानुवर्षे बिलाशिवाय नांदत आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे घरच्या संगणकातील विंडोज.

आमच्याही घरात ती होती. ऑक्टोबर 2025 मध्ये आमचा संगणक फार मंद चालू लागला आणि पडद्यावर रोज नवी सूचना झळकू लागली. दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने सांगितले की विंडोज पुन्हा टाकावे लागेल, पाचशे रुपये होतील. आम्ही सवयीने म्हणालो, "बिल दे देना." तो हसला आणि म्हणाला, "सेठ, विंडोज का भी कहीं बिल होता है?" आमची धाकटी मुलगी शेजारीच बसली होती. तिने विचारले, "अब्बा, मग हे आहे कोणाचे?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पाचशे रुपये दुरुस्तीवाल्याच्या मजुरीचे होते. ज्यांनी ती वस्तू बनवली त्यांना आमच्याकडून वीस वर्षांत एक पैसाही गेलेला नव्हता. आपले एखादे डिझाइन दुसऱ्या पेढीने उचलून बाजारात आणले की आपण महिनाभर चरफडत राहतो. मग आपल्या घरात तेच चालले आहे त्याचे काय?

कायद्याची भीती घालण्याचा आमचा हेतू नाही. तरीही माहितीसाठी सांगतो की 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने 63-ब हे कलम घातले गेले. जाणूनबुजून चोरीची प्रत संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड, असे ते कलम आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकते. घराघरांत कोणी छापा घालत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. परंतु माप पुरे द्यावे आणि दुसऱ्याचा हक्क ठेवून घेऊ नये, हे आपण छाप्याच्या भीतीने शिकलेलो नाही.

दोन सरळ मार्ग

यातून बाहेर पडण्याचे दोनच सरळ मार्ग आहेत. एक, रीतसर पैसे भरून परवाना घेणे. दुसरा, ज्याची प्रत घेण्याची परवानगी बनवणाऱ्यानेच सर्वांना दिलेली आहे असे सॉफ्टवेअर वापरणे. दुकानासाठी आम्ही पहिला मार्ग धरला, त्याचे कारण पुढे येईल. घरासाठी दुसरा धरला आणि लिनक्स बसवले. तेव्हापासून घरातील सर्व काम त्यावरच चालले आहे.

लिनक्स म्हणजे काय, हे आपल्या धंद्यातील उदाहरणाने सांगतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील साधे यंत्रमाग आठवा. त्यांतील कित्येक मुंबईच्या गिरण्यांनी जुने म्हणून काढून टाकलेले होते. ते आपल्या वडीलधाऱ्यांनी आणले, दुरुस्त केले आणि त्यावर संसार उभे केले. हे शक्य झाले, कारण माग उघडा असतो. मिस्त्री समोर बसतो, कोणता भाग कोठे फिरतो ते डोळ्यांनी पाहतो, पिकर बदलतो, धोटा घासतो, गिअर झिजला तर गावातल्याच फाउंड्रीतून ओतून आणतो. मूळ कारखाना बंद पडला तरी माग चालत राहतो. समजा, प्रत्येक माग कुलूपबंद पेटीत आला असता, पेटी उघडणे गुन्हा ठरला असता आणि दहा वर्षांनी कारखान्याने कळवले असते की हा नमुना आम्ही बंद केला, आता नवा घ्या. तर आपली ही गावे उभी राहिली असती काय?

संगणकाच्या बाबतीत आपण अशी कुलूपबंद पेटी मुकाट्याने स्वीकारली. लिनक्स हा उघडा माग आहे. तो कसा बनवला याची पूर्ण लिखापढी कोणालाही पाहता येते, बदलता येते, दुसऱ्यास देता येते.

मुफ्त आणि आझाद

याची सुरुवातही एका यंत्राच्या दुरुस्तीवरूनच झाली. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ काम करीत. तेथे नवे छपाई यंत्र आले आणि त्यात कागद अडकू लागला. जुन्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी अशी सोय केली होती की कागद अडकताच छपाईसाठी थांबलेल्यांना संगणकावर निरोप जाई. नव्या यंत्रात तशी सोय करावी म्हटले तर त्याची लिखापढी देण्यास नकार मिळाला. पुढे 1983 मध्ये त्यांनी सर्वांसाठी खुली कार्यप्रणाली बनवण्याचा संकल्प जाहीर केला आणि 1989 मध्ये तिच्यासाठी परवाना लिहिला. परवान्याचा सारांश असा: वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, मात्र बदलून वाटाल तर पुढच्यालाही हेच हक्क द्या. 1991 मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि 1992 मध्ये तो याच परवान्याखाली आणला. दोन्ही कामे एकत्र येऊन आजचे लिनक्स झाले.

इंग्रजीत यास 'फ्री' म्हणतात आणि तेथेच लोकांची फसगत होते, कारण त्या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. उर्दू शाळेत शिकलेल्या आम्हाला ही अडचण नाही. मुफ्त वेगळे आणि आझाद वेगळे, हे आम्ही लहानपणीच शिकलो. लिनक्स बहुधा मुफ्त मिळते ही सोयीची गोष्ट आहे. ते आझाद आहे ही कामाची गोष्ट आहे. मुफ्त तर आमच्या दुरुस्तीवाल्याचे विंडोजही होते.

कोणी विचारील की फुकटच्या मालावर भरवसा काय? फुकट देणाऱ्याचे पोट कसे चालते? हा व्यापाऱ्याचा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. उत्तर असे की येथे कमाई सेवेवर होते. लिनक्स बसवून देणे, सांभाळणे, अडचण सोडवणे यावर उभ्या राहिलेल्या रेड हॅट या कंपनीला 2019 मध्ये आयबीएमने सुमारे 34 अब्ज डॉलरना विकत घेतले. जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीत नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सशिवाय दुसरे काही नाही. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे आपण ते रोज वापरतोच, फक्त नाव ठाऊक नसते.

जुने यंत्र भंगारात का घालावे?

आता खर्चाचा हिशेब पाहू. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठी एक वर्षाची सवलत निघाली, ती ऑक्टोबर 2026 पर्यंतची. विंडोज 11 साठी किमान चार जीबी मेमरी, टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. म्हणजे पडदा चांगला, कळफलक चांगला, सर्व चांगले, तरीही यंत्र बाद.

आमचे यंत्र असेच बाद ठरलेले होते. मेमरी चार जीबी. त्यावर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती बसवली आणि एक जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. खर्च झाला तो फक्त एसएसडीचा. मुलगी त्यावर कॉलेजचे काम करते. आम्ही रात्री दरपत्रके आणि पत्रे लिहितो, बँकेचे आणि जीएसटीच्या संकेतस्थळाचे काम ब्राउझरमध्ये पाहतो. जो माणूस चाळीस वर्षांचा माग फेकत नाही, त्याने दहा वर्षांचा संगणक का फेकावा?

सुरक्षेचाही विचार करा. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने सुमारे दीडशे देशांतील संगणकांच्या फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो बसवला नाही, ते सापडले. चोरीच्या प्रतीत नेमके हेच होते. आमच्या संगणकात दुरुस्तीवाल्याने अपडेट बंद करून ठेवले होते, म्हणजे चोरी उघडी पडू नये. शिवाय कुलूप तोडण्यासाठी जो 'क्रॅक' टाकतात, तो कोणी बनवला आणि त्यात आणखी काय घातले, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. लिनक्सला विषाणू लागतच नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याचे अपडेट राजरोसपणे येतात, त्यासाठी लपवाछपवी करावी लागत नाही.

आपल्या लिपीत लिहिता येते काय?

आमच्या पिढीने उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातची पाहिली आहेत. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक आले आणि नस्तालीक संगणकावर उतरले. पण पुढे बरीच वर्षे उर्दूतील लिखाण त्या त्या सॉफ्टवेअरच्या पेटीतच अडकून राहिले. एका ठिकाणी लिहिलेले पत्र दुसरीकडे उघडले तर नुसत्या रेघोट्या दिसत. मराठीचीही तीच गत होती. युनिकोडने ही अडचण दूर केली. लिनक्समध्ये मराठी आणि उर्दू दोन्हींचे कळफलक आहेत, नस्तालीकसाठी नोटो नस्तालीक उर्दू हा खुला फाँट मिळतो आणि लिब्रे ऑफिसमध्ये उजवीकडून डावीकडे व्यवस्थित लिहिता येते. आम्ही नाशिकच्या व्यापाऱ्यास मराठीत आणि नातेवाइकांना उर्दूत, एकाच यंत्रावरून पत्र लिहितो.

अडचणी आहेत

मालाची फक्त चांगली बाजू दाखवणारा व्यापारी आम्हाला व्हायचे नाही. दुकानातील हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले आहे, ते लिनक्सवर सरळ चालत नाही. म्हणून पेढीवर आम्ही विंडोजचा परवाना विकत घेतला, बिल घेतले आणि खर्चात दाखवले. व्यवसायासाठी उर्दू छपाईचे काम करणाऱ्यांनाही सध्याचे सॉफ्टवेअर सुटणार नाही. काही प्रिंटर लिनक्सशी जुळत नाहीत. आमचा जुना प्रिंटर दोन दिवस अडून बसला होता. मुलांचे काही खेळ चालत नाहीत. आणि गल्लीतील दुरुस्तीवाल्यांपैकी फार थोड्यांना लिनक्स येते.

ही शेवटची अडचण आम्हाला संधी वाटते. मालेगाव-भिवंडीतील मुलांचे हात यंत्रावर चांगले बसतात. केरळने 2001 मध्ये शाळांसाठी आयटी अॅट स्कूल प्रकल्प सुरू केला आणि पुढे तेथील सरकारी शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. आपल्या देशातील सी-डॅक या सरकारी संस्थेनेही बॉस नावाचे लिनक्स बनवले आहे. आपल्या मोहल्ल्यातील संगणक वर्गांनी चोरीच्या प्रतींवर शिकवण्याऐवजी हे शिकवले, तर मुलाच्या हाती इमानाचा रोजगारही येईल.

सुरुवात कशी करावी?

एकदम उडी मारू नका. पहिल्या महिन्यात सध्याच्या विंडोजवरच लिब्रे ऑफिस आणि फायरफॉक्स वापरून पाहा. दोन्ही खुले आहेत आणि लिनक्सवरही तेच वापरायचे आहेत. मग पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घेऊन संगणक त्यावरून सुरू करा. यंत्रात काहीही न बसवता ते चालवून पाहता येते. तेथेच प्रिंटर, वायफाय आणि आवाज तपासा. सर्व जुळले तर लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले, जुनी पत्रे यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा आणि ती उघडते याची खात्री करा. त्यानंतरच बसवा. ज्याला जमत नसेल त्याने जाणत्या मुलाला बोलावावे आणि त्याची मजुरी हातावर ठेवावी. सॉफ्टवेअर मुफ्त असले तरी मेहनत मुफ्त नसते.

आमच्या घरी हे काम झाले त्या दिवशी मुलीने जुनाच प्रश्न पुन्हा विचारला, "अब्बा, आता हे कोणाचे?" आम्ही तिला परवान्याचे पान उघडून दाखवले. ते इंग्रजीत होते, म्हणून तिनेच वाचून आम्हाला अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी तिने पेन ड्राइव्हवर त्याची प्रत करून मैत्रिणीला दिली. आम्ही तिला अडवले नाही, कारण अडवण्याचे काही कारणच उरले नव्हते.