घाटाखालचा मृग

शाळेच्या भिंतीवरील नकाशात आमचे सावरगाव सापडत नाही. पांढुर्ण्याचा ठिपका दाखवावा आणि जाम नदीच्या पैलतीरी आपण, असे सांगावे लागते. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीमुळे मात्र दोन्ही काठ सर्वांना ठाऊक होतात, त्या कीर्तीविषयी न बोललेले बरे.) 1956 च्या पुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो, 2023 साली पांढुर्णा जिल्हाही झाला. पाण्याने मात्र आपली वाट सोडली नाही. जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि प्राणहितेतून ते पाणी गोदावरीत जाते. घाट चढून मुलताईस जावे, तर तेथील तापी पश्चिमेस सुरतेकडे धावते. थोड्या कोसांच्या अंतराने थेंबाचा समुद्र बदलतो, हे सांगताना वर्ग शांत होतो.

मुलताई आमच्याहून अडीचशे-तीनशे मीटर उंच. हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबाने फरक दोन अंशांच्या आतलाच. पण तो खरा किती, हे माघातल्या पहाटे आगगाडीने घाट चढणाऱ्यास विचारावे.

आमच्याकडे हवामानाची खरी परीक्षा संत्र्याच्या बागेत होते. मृग बहारासाठी बागाईतदार मे महिन्यात झाडांचे पाणी तोडतो. यालाच ताण देणे म्हणतात. मृगाच्या सरींनी ताण मोडला की फुले येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरते. सरी लांबल्या तर विहिरीचे पाणी द्यावे, पण नेमकी तेव्हाच विहीर तळ दाखवते. काळ्या कातळात पाणी साठते ते भेगांतून आणि झिजलेल्या थरातून; शेजारी खोल विंधन विहीर झाली की तेही आटते.

एका जूनमध्ये आम्ही आठवीला मोसमी वारे शिकवीत होतो. तिबेटचे पठार उन्हाळ्यात तापते व त्या वाऱ्यांना बळ देते, इथवर आलो, तोच मागच्या बाकावरचा मुलगा उठला. ‘‘सर, पुस्तकात पाऊस पंधरा जूनपर्यंत येते म्हणून लिवलं हाय. आमच्या बाबानं ताण देल्ला, आता पानं गळून राह्यली.’’ ती तारीख अनेक वर्षांची सरासरी असते, असे आम्ही म्हणालो. उत्तर बरोबर होते, पण त्याच्या वडिलांना त्याचा काय उपयोग?

त्या आठवड्यात शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसविला. नोंदवही त्याच मुलाकडे दिली. त्याची पहिली नोंद आहे : 24 जून, निरंक.