इंजेक्शन सुरू झाले म्हणून गोळी सोडू नका

आमवाताच्या रुग्णाला बायोलॉजिक इंजेक्शन सुरू झाले की घरात एक प्रश्न हमखास निघतो. एवढे महागाचे औषध चालू असताना ती मेथोट्रेक्सेटची गोळी कशाला? ती तर कॅन्सरची! प्रश्न काळजीपोटी येतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. पण ‘नवे आले, आता जुने बंद’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे आणि तो सांध्यांच्या मुळावर येतो.

आधी भीतीबद्दल. कॅन्सरमध्ये हे औषध काही वेळा ग्रॅमच्या हिशेबात शिरेतून देतात. आमवातात ते आठवड्यातून एकदाच, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. तिथे पेशी मारायच्या असतात, इथे चवताळलेली प्रतिकारशक्ती आवरायची असते. चुकून रोज घेतले तर मात्र जिवावर बेतू शकते; म्हणून वार ठरवून तो पाळायचा.

आता मुख्य मुद्दा. इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब ही औषधे म्हणजे प्रथिनांचे मोठे रेणू. दाह भडकवणाऱ्या टीएनएफला ती निष्क्रिय करतात. पण शरीर या औषधालाच परके समजते, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि हजारो रुपयांचे इंजेक्शन लागू पडेनासे होते. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या लंडनमधील गटाने १९९८ साली यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. किलोमागे १ मिलिग्रॅम इन्फ्लिक्सिमॅब एकटेच दिलेल्यांपैकी ५३ टक्के रुग्णांत अशी प्रतिपिंडे सापडली. सोबत मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत १५ टक्के. आणि ते मेथोट्रेक्सेट होते आठवड्याला अवघे ७.५ मिलिग्रॅम! ज्या गोळीला आपण अडगळ म्हणतो, तीच महागड्या औषधाची राखण करते.

टीएनएफलाच रोखणाऱ्या एटानरसेप्ट या बायोलॉजिकच्या बाबतीत प्रतिपिंडांचा अडथळा फारसा नसतो. तरीही २००४ च्या ‘टेम्पो’ चाचणीत वर्षाअखेर रोग शांत झाला तो दोन्ही औषधे घेणाऱ्या ३५ टक्के रुग्णांत. एटानरसेप्ट एकटे घेणाऱ्यांत १६ आणि मेथोट्रेक्सेट एकटे घेणाऱ्यांत १३ टक्के. सांध्यांची झीजही जोडीनेच सर्वांत जास्त रोखली.

मग दोन बायोलॉजिक एकत्र का देऊ नयेत? तेही करून पाहिले आहे. एटानरसेप्टला अनाकिन्रा या दुसऱ्या बायोलॉजिकची जोड दिली, तेव्हा फायदा वाढला नाही, गंभीर जंतुसंसर्ग मात्र वाढले. संसर्गाच्या याच धोक्यामुळे आपल्याकडे तर एका बायोलॉजिकआधीही सुप्त क्षयाची तपासणी टाळता येत नाही.

जोडीचा पुरस्कार करताना प्रत्येकाला बायोलॉजिक हवेच, असे मी म्हणत नाही. मेथोट्रेक्सेटने न भागलेल्या ३५३ रुग्णांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे स्वस्त त्रिकूट एटानरसेप्ट-मेथोट्रेक्सेटच्या जोडीपेक्षा उणे ठरले नाही. परवडत नाही म्हणून उपचारच सोडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

यकृताचा आजार असेल किंवा मूल हवे असेल, तर मेथोट्रेक्सेट थांबवावे लागते. अशा वेळी टोसिलिझुमॅबसारखे बायोलॉजिक एकट्यानेही चांगले काम करते. पण हा निर्णय रक्ततपासण्या पाहून डॉक्टरांनी घ्यायचा. गोळीने मळमळत असेल तर त्यांना सांगा. मात्रा बदलता येते, सोबतचे फॉलिक अ‍ॅसिड वाढवता येते, हेच औषध इंजेक्शननेही घेता येते. त्यांना न विचारता गोळी बंद मात्र करू नका.