कात्रीचा काय गुन्हा?

गळावर पिसं नि दोरा गुंडाळून ट्राउटसाठी खोटे किडे बनवणारे आमचे फ्लायवाले दोस्त रॉडवर हजारो रुपये उधळतात, गळ पकडायच्या व्हाइसवर रात्र-रात्र वाद घालतात. आणि कात्री? ती घरातलीच. सकाळी दुधाची पिशवी फोडलेली. मग तिच्यात पीस कापलं न जाता नुसतं दुमडतं आणि साहेब म्हणतात, "पिसंच भिकार!" याच देशातल्या कोंबड्यांच्या मानेची पिसं परदेशातले फ्लायवाले पैसे मोजून मागवतात, हे साहेबांच्या गावी नाही.

१८ नंबरचा गळ नखावर मावतो. त्याच्या भोकात एक चुकार तंतू राहिला, की तीर्थन नदीच्या काठावर गारठलेल्या बोटांनी दोरा ओवताना नाकी नऊ येतात. तो तंतू मुळाशी उडवायला पात्यांची टोकं बारीक हवीत आणि ती शेवटपर्यंत भिडायला हवीत. दुकानातच कात्री मिटून उजेडाकडे आडवी धरा. पात्यांच्या मधोमध बारीक फट दिसली तर उत्तम, ती असायलाच हवी. टोकांशी दिसली तर मुकाट्याने परत ठेवा.

पण गिऱ्हाईक भाळतं सोनेरी मुठीवर! शस्त्रक्रियेच्या हत्यारांत सोनेरी कड्या म्हणजे पात्याला टंगस्टन कार्बाइडची कड असल्याची खूण. तोच मुलामा साध्या स्टीलच्या मुठीला फासून चढा भाव लावतात आणि आपण तो हसत-हसत देतो. खरं कार्बाइड मिळालं तरी ते ठिसूळ असतं. एकदा फरशीवर पडलं, की टोकाचा टवका उडालाच म्हणून समजा.

आता तार. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने आपल्या फेझंट टेल निम्फ या खोट्या किड्यात दोऱ्याऐवजी तांब्याची तार वापरली. निम्फ झकासच. पण ती तार कात्रीच्या टोकाने कापा, असं त्याने कुणाला सांगितलं होतं? तार ताणून गोल-गोल फिरवली, की गळाशी आपोआप तुटते. तेवढाही धीर नसेल, तर निदान पात्याच्या बुडाशी, स्क्रूजवळ कापा. हरणाचे केस नि टिन्सेलची चमकदार पट्टी यांसाठी जुनी कात्री वेगळी ठेवा.

सगळ्यात मोठे महाभाग म्हणजे सँडपेपर कापून धार लावणारे. एका पात्यावरचे जे सूक्ष्म दात निसटतं पीस धरून ठेवतात, तेच हे घासून टाकतात. चाकावर धार लावणाऱ्याकडे कात्री दिली आणि त्याने पात्याची आतली, किंचित खोलगट बाजू घासली, तर ती भंगारातच जमा. टोकांवर चिकटलेलं वॉर्निश अ‍ॅसिटोनने पुसणं आणि स्क्रूवर तेलाचा एक थेंब सोडणं, एवढंसुद्धा कुणाच्यानं होत नाही.

आणि हो, माझी कात्री उसनी मागायला येऊ नका. तार कापायची असेल तर माळ्यावर पक्कड आहे, ती न्या.